त्रेचाळीस जणांचा ओटीपी

१६ जून, सोमवार. सकाळी ७.२०

आजपासून रोजनिशी. वही शाळेची आहे, पण मागच्या वर्षाची आणि कोरी, त्यामुळे चालतं. शाळेचा लिपिक मीच, परवानगी मीच दिली.

आजपासून दुसरं म्हणजे मी मोकळा होणार. माझा मोबाईल नंबर एकोणीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा गावात मोबाईल घेणारा मी तिसरा. शेवटी चार सात, लक्षात ठेवायला सोपा. तिथंच चूक झाली. आश्रुबा तात्यांच्या निराधार पगाराच्या फॉर्मवर मोबाईल नंबर मागितला. तात्यांकडे मोबाईल नव्हता, मी मोठ्या मनानं आपला सांगितला. मग कस्तुराबाई काकूंचं गॅसचं पुस्तक. मग सुलाबाईचं रेशन. मग कुणाचा पीकविमा, कुणाच्या पोराची स्कॉलरशिप. आता फॉर्म भरणारे विचारतसुद्धा नाहीत, चार सात म्हणायचं आणि लिहून टाकायचं. काल मोजले, बेचाळीस जण.

या बेचाळीस जणांनी कुठलंही काम काढलं की सहा आकडी ओटीपी माझ्या फोनवर येतो. दहा मिनिटांत सांगितला नाही तर काम बाद. म्हणून मी फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोरीतसुद्धा नेतो. आज अंगाला साबण लावला आणि तात्यांचा आला. दाराबाहेरून तात्या म्हणाले, म्हारुद्रा, आलं का रं तेवढं? डोळ्यांत फेस, तशात दाराच्या फटीतून वाचून दाखवला. एक आकडा चुकला, पुन्हा वाचला.

बायको बबिता म्हणते, एवढा ताप होतोय तर सांगून टाका की लोकायला. तिला समाजकार्य कळत नाही.

निश्चय: यापुढं एकाही नव्या माणसाचा फॉर्म माझ्या नंबरवर नाही. अपवाद नाही.

सायं. ६.१५
एक अपवाद केला. बायनाबाई वस्तीवरून चालत आली होती. त्रेचाळीस.

१८ जून, बुधवार

मार्ग सापडला. दुपारच्या सुट्टीत एक व्हिडिओ बघितला. तात्पुरता नंबर म्हणून एक प्रकार असतो. सिम नाही, फोन नाही. एका वेबसाइटवर नंबरांची यादी असते. त्यातला एक उचलायचा, फॉर्मवर टाकायचा. ओटीपी त्या वेबसाइटच्या पानावरच दिसतो. वाचायचा आणि विसरून जायचं. आपला खरा नंबर कुणाच्या हाती लागत नाही. व्हिडिओतला पोरगा म्हणाला, हुशार लोक हेच करतात. मी तोपर्यंत अर्धा व्हिडिओच बघितला होता, पण मला आधीच पटलं होतं.

विज्ञानाचे सिद्धोधन सर शेजारीच डबा खात होते. त्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, लिपिकसाहेब, तो नंबर उद्या तिथं असंल कशावरून? विज्ञान शिकवणाऱ्या माणसालाच विज्ञानाची भीती. वाईट वाटलं.

१९ जून, गुरुवार

प्रयोग यशस्वी. फिनलंडचा नंबर घेतला आणि क्रिकेटच्या एका अ‍ॅपवर खातं काढलं. ओटीपी चाळीस सेकंदांत. त्या कंपनीच्या दृष्टीनं महारुद्र आता फिनलंडचा. शाळेत दिवसभर एक वेगळीच शांतता वाटत होती.

त्या पानावर सगळ्यांचेच मेसेज दिसतात. कुणाचं पार्सल, कुणाची रमी, कुणाचं लग्न जुळवायचं खातं. कुणाचं काय चाललंय ते येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येतं. आपल्या पारासारखंच. मला लगेच आपलेपणा वाटला.

२२ जून, रविवार

अर्पिताचा नर्सिंग प्रवेशाचा फॉर्म भरला. बारावीला पोरीला एक्क्याऐंशी टक्के, परीक्षाही दिली. सरकारी कॉलेज मिळालं तर जाईल, खासगी आपल्याला झेपायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे एकच दार.

मोबाईल नंबरच्या रकान्याशी आलो. बबिता म्हणाली, माझा टाका. तिचा कीपॅडचा फोन, त्यावर ती फक्त परभणीच्या बहिणीशी, सविताशी बोलते. प्रवेशासारख्या कामाला तो कसा चालेल? माझा टाकावा तर खासगी कॉलेजवाले दिवसाला पन्नास फोन करतात असं ऐकलंय. त्रेचाळीस जण आणि वर ते.

अर्पिताला पाणी आणायला पाठवलं आणि तात्पुरता नंबर टाकला. भारतातलाच, शेवटी अडतीस. ओटीपी आला, फॉर्म गेला. पाणी यायच्या आत काम फत्ते.

प्रिंट बघून अर्पितानं विचारलं, पप्पा, हा नंबर कुणाचा? मी म्हणालो, ऑफिसचा. खोटं नाही. मी ऑफिसात काम करतो आणि नंबर मीच निवडलाय.

३० जून, सोमवार

अर्पिताची मैत्रीण राजेश्री. तिच्या वडिलांना खासगी कॉलेजांचे एका आठवड्यात चौतीस फोन. बिचारे औत सोडून फोन उचलतात. मला एकही नाही. याला म्हणतात दूरदृष्टी. सिद्धोधन सरांना मुद्दाम जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत. काही माणसांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

९ जुलै, बुधवार. दुपारी ३.००

लागला. पोरीचा नंबर लागला. लातूरला, सरकारी. अर्पिता आईच्या गळ्यात पडली. तात्या काठी टेकत आले आणि म्हणाले, आता सुई टोचायला घरचंच माणूस झालं. काकूंनी साखर वाटली. गावातली पहिली सरकारी नर्स माझ्या घरातली. मी दोनदा बाहेर जाऊन उगाच उभा राहिलो, कुणी विचारलं तर सांगावं म्हणून.

सोमवारी, चौदा तारखेला, संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर जाऊन जागा स्वीकारायची. नाहीतर जागा पुढच्याला. लॉगिन करायचं, ओटीपी टाकायचा, बटण दाबायचं. दोन मिनिटांचं काम. पाच दिवस आहेत.

सायं. ५.४०
अडतीसवाला नंबर यादीत दिसत नाही. दुरुस्ती चालू असेल. एवढ्या मोठ्या वेबसाइटला दुरुस्ती लागतेच.

१० जुलै, गुरुवार

अजून दुरुस्ती.

घरी सांगितलं, सर्व्हर डाऊन आहे. बबिता म्हणाली, राजेश्रीचं तर कालच झालं. मी म्हणालो, तिचा सर्व्हर वेगळा. बबिता भाकरी थापायला गेली. तांत्रिक बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास आहे.

दुसरा मार्ग काढला. प्रवेशाच्या वेबसाइटवर 'मोबाईल नंबर बदला' असं बटणच आहे. दाबलं. तर म्हणे, खात्री करण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. म्हणजे किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून. कुणी केला असेल हा नियम? नंतर विचार केला तर नियम बरोबर आहे, त्याचाच जास्त राग आला.

अडतीसला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. मदतकेंद्राला नऊ वेळा लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई फार आपुलकीनं सांगत होती. पहिल्या तीन वेळा मी तिला हो म्हणालो.

११ जुलै, शुक्रवार. सकाळी १०.३०

आला. अडतीस पुन्हा यादीत आला. मी म्हणालोच होतो, दुरुस्ती. देव आहे.

दुपारी १२.१०
पहिला ओटीपी अकराव्या मिनिटाला आला. मुदत दहा मिनिटांची. दुसरा बारा लोकांच्या मेसेजांत सापडेना. कुणीतरी रमीत हजार वेळा लॉगिन करतंय. तिसरा दिसला, लिहून घेत होतो, तेवढ्यात काकूंचा फोन, माझ्या गॅसचं आलं का बाबा? काकूंचाच ओटीपी पोरीच्या रकान्यात टाकला. तीन प्रयत्न संपले. खातं चोवीस तास बंद.

रात्री ९.००
सिद्धोधन सरांना सगळं सांगावं लागलं, म्हणजे एका मित्राचं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या मित्राला म्हणावं, ते पान सगळं जग बगायलंय. कुणी त्या पोरीचं खातं उघडून जागा नको म्हणून बटण दाबलं तर?

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. घरी येईपर्यंत तेच. फिनलंडमधला एखादा रिकामटेकडा आणि माझी पोरगी. भीती वाटते आहे. लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगता येत नाही.

सायंकाळी अर्पिता जवळ येऊन बसली. म्हणाली, पप्पा, त्यो नंबर कोणत्या ऑफिसचाय? मी म्हणालो, पाणीपुरवठ्याचा. तिनं हातातल्या प्रिंटची घडी घातली. मग उठून चहा टाकला.

१२ जुलै, शनिवार

अर्पिता आणि बबिता पहिल्या एसटीनं परभणीला गेल्या, सविताकडं. बरं झालं. घरात शांतता असली की मला सुचतं.

पण मला शांतता कोण देणार? सकाळपासून सात फोन. ज्यांचा कुणाचा ओटीपी येतो तो दोन सेकंदांत येतो. तात्यांचा येतो, सुलाबाईचा येतो, बायनाबाईचा पहिल्या झटक्यात येतो. अख्ख्या गावातल्या त्रेचाळीस जणांचा माझ्याकडं येतो आणि माझ्या एकुलत्या एका पोरीचा येत नाही.

शेवटी फोन बंद करून शाळेच्या कपाटात ठेवला, किल्ली खिशात, आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसलो. तासाभरात तात्या ऑफिसच्या दारात. फोन लागंना म्हणून काठी टेकत आले होते. म्हारुद्रा, पगाराचं आलं का रं? मी म्हणालो, तात्या, मी काय टॉवर आहे का? आवाज जरा चढला. शिपाई आत डोकावला.

तात्या म्हणाले, बरं बाबा, न्हाई इचारत. आणि गेले. चपला हातात घेऊन गेले, ऑफिसची फरशी नुकतीच पुसली होती म्हणून.

अकरा वाजून वीस मिनिटांनी अडतीस पुन्हा गेला. चोवीस तासांचं कुलूप निघायला अजून पाऊण तास होता. त्यानंतर यादीतला तो रकानाच नाही. यादी आहे, बाकीचे नंबर आहेत, मधला एक दात पडल्यासारखी जागा आहे.

१३ जुलै, रविवार

शेवटचा उपाय. उद्या परभणीच्या सुविधा केंद्रावर स्वतः जाणार. तिथं नंबर हातानं बदलून मिळतो म्हणे. अर्ज लिहायला घेतला.

पहिला: काही तांत्रिक कारणास्तव. (कोणतं ते विचारतील.)
दुसरा: सदर मोबाईल हरवल्यामुळे. (पोलिसांचा कागद मागतील.)
तिसरा: माझ्या हातून चूक झाली. (फाडला. अर्जाची ही पद्धत नव्हे.)
चौथा: काही तांत्रिक कारणास्तव.

दोघी काल दिवेलागणीला आल्या. हसत आल्या. लातूरच्या हॉस्टेलसाठी मोठी बॅग आणली. अजून जागा हातात नाही आणि बॅग आणली. हा फाजील आत्मविश्वास आईकडून आलाय. मला मात्र दोघींनी सर्व्हरचं काहीच विचारलं नाही. इतका विश्वास टाकतात माणसं, त्याचंच ओझं होतं.

१४ जुलै, सोमवार

पहिल्या गाडीनं परभणी. केंद्रावर माझ्यापुढं एकोणीस जण. बरोबर अर्ज क्रमांक चार, पोरीच्या सगळ्या झेरॉक्स, दोन फोटो. समजा नाही झालं तर एसटीनं परत जायचं कुठं, हा विचार बाकावर बसून तीन तास केला. पेपर उलटा धरला होता, ते शेजाऱ्यानं सांगितलं.

सव्वा एकला टेबलापाशी पोचलो. मी बोलायला लागलो, सर्व्हरपासून सुरुवात केली. बाईंनी क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, काका, हे तर शनिवारीच झालंय. मुलगी आईला घेऊन आली होती. नंबर बदललाय, जागा स्वीकारून पण झालीय.

मी म्हणालो, नीट बघा. त्यांनी कागद काढून दाखवला. अर्पिताचं अक्षर. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वडिलांचा फोन सगळ्या गावाच्या कामासाठी असतो. त्यांना त्रास नको म्हणून आईचा नंबर द्यावा.

वाचून बरं वाटलं. कुणीतरी पहिल्यांदा माझ्या कामाची लेखी दखल घेतली. दोन वेळा वाचला.

स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो तेव्हा बरं वाटणं थांबलं. पोरीला सगळं कळलं होतं. पाणीपुरवठा म्हणालो तेव्हाच कळलं होतं. तरी रकान्यात माझं नाव खराब होऊ दिलं नाही. मी चार अर्ज लिहिले, तिनं एकच लिहिला, तोही माझ्यापेक्षा चांगला. रडू आलं. स्टँडवर धूळ फार असते.

घरी येऊन सांगितलं, केंद्रावर जाऊन सगळं नीट करून आलो. बबिता म्हणाली, बरं केलंत. अर्पितानं पाणी आणून दिलं. कुणी हसलं नाही.

२० जुलै, रविवार

आठवडाभर फोन वाजला नाही. शेवटी मोकळा झालो. हेच हवं होतं. आज आंघोळ वीस मिनिटं केली, फोन बाहेर ठेवून.

दुपारी एकदा बघितलं, सायलेंटवर तर नाही ना. नव्हता. शाळेच्या फोनवरून काल एकदा लावून बघितला होता, वाजतो.

तात्या पारावर दिसले. राम राम घातला. त्यांनीही घातला. आलं का रं, असं काही म्हणाले नाहीत.

२७ जुलै, रविवार. दुपारी १.३०

हे बघा. गावाला शेवटी माझ्याशिवाय चालत नाही. सकाळी नऊपासून फोन थांबायला तयार नाही. आधी सुलाबाई, मग कस्तुराबाई काकू, मग बायनाबाई. आला का भाऊ? आला. लागोपाठ आला. खुर्ची अंगणात घेऊन बसलो. एकेक आकडा सावकाश, मोठ्यानं, दोनदा वाचून दाखवतोय. एकही चुकलेला नाही. तात्यांचाही फोन आला, म्हणजे फोन कुणीतरी लावून दिला, पण आवाज तात्यांचा. म्हारुद्रा, आलं का रं? मी म्हणालो, तात्या, तुमच्यासाठी कधी नाही आलं?

त्या दिवशीचं बोलायचं होतं. पण दहा मिनिटांची मुदत, आधी आकडे सांगितले. तात्या म्हणाले, सुखी राहा बाबा.

निश्चय: यापुढं कुणाला नाही म्हणायचं नाही. माणसाचा जन्म एकदाच मिळतो. आणखी दहा-बारा जण आले तरी घेईन.

सायं. ६.३०
संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस. बरोबर त्रेचाळीस. एका दिवसात सगळ्यांचं काम कसं निघालं, म्हणून मेसेज पूर्ण वाचले. एरवी मी फक्त आकडे वाचतो. वर इंग्रजीत लिहिलेलं होतं. मोबाईल नंबर बदलण्यासाठीचा हा ओटीपी आहे, कुणालाही सांगू नका.

बबिताच्या बचत गटानं आज समाजमंदिरात शिबिर घेतलं होतं. सिद्धोधन सरांनी लॅपटॉप दिला, राजेश्री आणि अर्पितानं सगळे फॉर्म भरले. सगळ्यांच्या फॉर्मवर आता बबिताचा कीपॅडचा नंबर. जुन्या नंबरवर ओटीपी आल्याशिवाय नंबर बदलत नाही, हा नियम मला माहीत होता. मला सोडून दुसऱ्या कुणाला एवढा माहीत नसेल.

त्रेचाळीस वेळा मी माझं नाव माझ्या तोंडानं खोडलं. मोठ्यानं, दोनदा वाचून.

बबिता म्हणाली, तुमाला लय ताप होता, आता सुटलात. ती हे मनापासून म्हणाली.

३ ऑगस्ट, रविवार. सायं. ५.५०

सकाळी अर्पिताला सोनपेठच्या स्टँडवर लातूरच्या गाडीत बसवलं. राजेश्रीचे वडील बरोबर गेलेत, त्यांची पोरगीही तिकडंच. अर्पिता पाया पडली. म्हणाली, पप्पा, हॉस्टेलवर पहिल्या दिवशी फोन जमा करून घेतात. पोचले की हॉस्टेलकडून मेसेज येईल, आईच्या नंबरवर. गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडली, तुमच्या नंबरवर पण द्यायला सांगितला असता, पण एकच चालतो म्हणे.

तीन वाजता पोचायला हवी होती. माझा फोन हातात आहे. त्याच्यावर काही येणार नाही हे माहीत आहे, तरी हातात आहे.

आत्ता अंगणात गेलो. बबिता ओट्यावर कीपॅडचा फोन डोळ्याजवळ धरून बसलेली. समोर कस्तुराबाई काकू, त्यांच्यामागं काठी टेकून तात्या. मी दारातूनच विचारलं, आला का गं तेवढा? बबितानं मान वर केली नाही. म्हणाली, थांबा, काकूचं चालू हाय, मग तात्याचं हाय.

तात्या जरा सरकले आणि माझ्यासाठी जागा केली. मी त्यांच्या मागं उभा राहिलो.